स्टेबोल्ट जाड करून भागत नाही

नवी मुंबईतल्या पावणे भागातल्या एका कारखान्यात लोको पद्धतीचा, म्हणजे रेल्वे इंजिनासारखा, बॉयलर होता. फायरबॉक्सच्या, म्हणजे आग जळते त्या पेटीच्या, डाव्या अंगाचे, वरच्या कोपऱ्यातले तीन स्टे (पेटीच्या दुहेरी प्लेटा एकमेकींना बांधणारे दांडे, म्हणजेच स्टेबोल्ट) तुटले म्हणून बोलावणं आलं. स्टे २० मिलिमीटरचे होते, तीन वर्षं टिकलेले. मी तेव्हा नवा होतो आणि हात शिवशिवत होते. म्हटलं, २० चे तुटतात ना, मग २५ चे घालू. भोकं मोठी केली, नवे आटे पाडले, चांगले जाडजूड स्टे बसवले. मालक खूश, मीही खूश.

चौदा महिन्यांनी फोन आला. या खेपेला तीन नाही, पाच तुटले होते, त्याच कोपऱ्यातले. शिवाय दोन भोकांच्या कडेला प्लेटलाही केसासारख्या चिरा गेल्या होत्या. ते काम मला खिशातून भरून करून द्यावं लागलं. त्या निमित्ताने जो हिशेब शिकलो तो इथे पायरीपायरीने मांडतो. वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत छोट्या शॉपमध्ये बॉयलरची कामं करणारे बरेच जण आहेत आणि स्टेचं गणित अजूनही ‘जाड म्हणजे मजबूत’ याच्या पुढे फारसं जात नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इथला हिशेब समजण्यासाठी आहे. प्रत्यक्ष कामाचं ड्रॉइंग आणि कॅल्क्युलेशन भारतीय बॉयलर नियमावलीप्रमाणेच करायचं आणि बाष्पके संचालनालयाची मंजुरी हातात आल्याशिवाय प्लेटला ड्रिल लावायचं नाही. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी ही शिस्त बदललेली नाही. दुरुस्तीसुद्धा मान्यताप्राप्त दुरुस्तीकारानेच करायची आणि वेल्डिंग प्रमाणपत्रधारक वेल्डरनेच.

स्टे तुटतो कशाने

फायरबॉक्सची आतली प्लेट आणि बाहेरची प्लेट यांच्यामध्ये पाणी असतं. वाफेचा दाब दोन्ही सपाट प्लेटा एकमेकींपासून दूर ढकलतो आणि स्टे त्यांना धरून ठेवतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण आतली प्लेट आगीला लागून असते, म्हणून ती बाहेरच्या प्लेटपेक्षा जास्त तापते आणि जास्त वाढते. खाली फाउंडेशन रिंगपाशी दोन्ही प्लेटा जखडलेल्या असतात, त्यामुळे ही वाढ वर आणि कोपऱ्यांकडे सरकत जाते. स्टेचं एक टोक जागेवर राहतं आणि दुसरं मिलिमीटरच्या काही दशांशांनी बाजूला जातं. बॉयलर पेटला की स्टे वाकतो, थंड झाला की परत सरळ होतो. रोज एकदा, वर्षाला तीनशे वेळा.

तार तोडायची असली की आपण ती ओढत बसत नाही, मागेपुढे वाकवतो. इथेही तेच घडतं. तुटलेला स्टे बाहेर काढून पाहा. तो बहुतेक वेळा बाहेरच्या प्लेटला लागून, पाण्याच्या बाजूला, पहिल्या-दुसऱ्या आट्यात तुटलेला असतो. बाहेरची प्लेट जाड आणि ताठ, ती जराही दबत नाही. आतली पातळ असते, थोडी दबते, म्हणून त्या टोकाचा स्टे वाचतो.

पहिली पायरी: ओढ मोजा

हा भाग सोपा आहे. आपल्याकडच्या बॉयलरांचा नेहमीचा दाब घेऊ, १०.५४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे जुने १५० पौंड. स्टे आडवे-उभे १०० मिलिमीटर अंतरावर. एका स्टेच्या वाट्याला १०० चौरस सेंटिमीटर प्लेट येते. त्यातून स्टेने अडवलेली जागा वजा करायची. आटे २४ मिलिमीटरवर असतील तर ती साधारण ४.५. उरले ९५.५ आणि गुणिले १०.५४, म्हणजे सुमारे १००६ किलो.

आता अंगाचा, म्हणजे दोन टोकांच्या आट्यांमधल्या दांड्याचा, व्यास १८ मिलिमीटर धरा. क्षेत्रफळ २.५४ चौरस सेंटिमीटर. त्यात ५ मिलिमीटरचं टेलटेल भोक (स्टे चिरला की वाफ सोडून कळवणारं) पडणार, त्याचे ०.२ गेले, राहिले २.३५. ताण आला ४२८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. अमेरिकन परंपरेत स्टेबोल्टसाठी ७,५०० पौंड प्रति चौरस इंच ही जुनी मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ५२७. १८ चा स्टे आरामात बसतो. १६ चा घेतला तर ताण ५५५ होतो, तो बसत नाही.

गंजाचा वाटा विसरू नका. १८ चा गंजून १६.५ झाला तरी ताण ५१८ च्या आसपास राहतो, म्हणजे प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटर खर्चायला मोकळं आहे. पाणी नीट असेल तर हे पुरतं. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी सॉफ्टनरमधून (पाण्याचा जडपणा काढणारं, मिठावर चालणारं यंत्र) येतंय आणि त्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, तर ठीक. उन्हाळ्यात टँकर चालू झाला की पाण्याचा गुण रोज बदलतो. तिथे अंग १९ करा आणि त्यापायी वाकाचा ताण थोडा वाढेल हे मान्य करा.

प्लेटच्या जाडीचा हिशेब वेगळा आहे, तो इथे ताणत नाही. स्टेमधलं अंतर दुप्पट केलं की प्लेटही दुप्पट जाड लागते एवढं ध्यानात ठेवा. जाड प्लेट म्हणजे आगीकडचा पृष्ठभाग आणखी तापणार, म्हणजे वाढ आणखी जास्त. म्हणून अंतर जवळ ठेवून प्लेट पातळ राखणं बहुधा शहाणपणाचं ठरतं.

दुसरी पायरी: सरक मोजा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मीही गाळली होती.

पोलाद दर अंशाला, दर मिलिमीटरमागे ०.००००१२ मिलिमीटर वाढतं. शून्यं मोजूनच लिहा, मी एकदा एक शून्य खाल्लं होतं आणि उत्तर पाहून अर्धा दिवस हवेत होतो. १०.५४ दाबाला पाणी सुमारे १८६ अंशांवर असतं. बाहेरची प्लेट साधारण तेवढीच तापते. आतली त्याहून वर. किती वर, ते आगीवर आणि चुन्याच्या थरावर ठरतं. हिशेबासाठी ४० अंशांचा फरक धरू.

फाउंडेशन रिंगच्या मध्यापासून ४०० मिलिमीटरवर असलेला स्टे: ०.००००१२ × ४० × ४००, म्हणजे ०.१९. गोळाबेरीज ०.२ मिलिमीटर. वरचा कोपरा, म्हणजे ७०० उंच आणि ५०० बाजूला, तिरकं अंतर ८६०. तिथे सरक ०.४ मिलिमीटर, दुप्पट. फायरबॉक्सच्या बाजूचा एक कागद घ्या, प्रत्येक स्टेच्या जागी ही सरक पेन्सिलने लिहा. तुटलेल्या स्टेंची जुनी नोंद असेल तर तीही त्याच कागदावर लाल पेनाने मांडा. दोन्ही एकाच कोपऱ्यात गोळा होतात. पावण्याचा कागद मी असाच उशिरा केला.

तिसरी पायरी: वाकाचा ताण

दोन्ही टोकं घट्ट असलेला दांडा बाजूला सरकला की त्याच्या टोकाशी ताण असा येतो: ३ × लवचिकतेचा गुणांक × सरक × व्यास, भागिले लांबीचा वर्ग. पोलादाचा गुणांक २० लाख किलो प्रति चौरस सेंटिमीटर. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये.

दोन प्लेटांमधली पाण्याची जागा १०० मिलिमीटर, स्टे २० चा, सरक ०.२. उत्तर २,४०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ओढीचा ताण चारशेच्या घरात आणि वाकाचा चोवीसशे! साधं मवाळ पोलाद २,५०० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. प्लेट थोडी दबते, म्हणून प्रत्यक्षात ताण यापेक्षा कमी भरतो. पण आट्याच्या टोकदार बुडाशी तो पुन्हा एकवटतो. हे आकडे तुलनेसाठी वापरा, शेवटचा शब्द म्हणून नव्हे.

आता सूत्राकडे परत बघा. व्यास वर बसलाय आणि लांबीचा वर्ग खाली. स्टे २५ चा केला की ताण ३,००० होतो. त्याहून वाईट म्हणजे प्लेटमधल्या भोकावर येणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चे २५ झाले, तर तो जवळपास अडीच पट. त्या केसासारख्या चिरा कुठून आल्या, ते इथे कळलं.

म्हणजे करण्यासारख्या गोष्टी तीन: अंग बारीक करा, लांबी वाढवा आणि एक टोक मोकळं सोडा.

बारीक अंग

सगळ्यात स्वस्त उपाय हाच. टोकांना आटे २४ वर ठेवायचे आणि मधलं अंग आट्याच्या बुडापेक्षा खाली उतरवायचं. इंचाला ११ आटे असले तर २४ चं बूड सुमारे २१ ला येतं, त्यामुळे १८ चं अंग त्याहून नक्की खाली राहतं. वाक मग आट्यात न एकवटता अख्ख्या अंगावर पसरतो. अंग आणि आटे जिथे भेटतात तिथे लेथवर निदान ६ मिलिमीटरचा रेडियस द्या. टूलची रेघ राहिली तर एमरी पेपरने अंगाच्या लांबीच्या दिशेने पुसा. आडवी रेघ म्हणजे उद्याची चीर.

आट्याचं बूड गोल असलेलं बरं, म्हणजे व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या आट्याचं. टोकदार बुडाचा आटा स्टेला नको.

गोळा आणि स्लीव्ह

लवचीक स्टेबोल्टची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या फ्लॅनरी कंपनीने टेट नावाचे असे स्टे अमेरिकन इंजिनांत मोठ्या प्रमाणावर घातले. रचना साधी आहे. बाहेरच्या टोकाला आट्यांऐवजी गोल डोकं, म्हणजे गोळा. ते एका स्लीव्हमधल्या, म्हणजे छोट्या नळीतल्या, वाटीसारख्या बैठकीत बसतं. स्लीव्ह बाहेरच्या प्लेटला आट्यांनी किंवा वेल्डने पक्की. वर टोपी. गोळ्याच्या कडेने पाणी टोपीपर्यंत येतंच, म्हणून बॉयलरचा पूर्ण दाब टोपीवर असतो. ती उघडायची ती बॉयलर गार आणि रिकामा असतानाच.

फायदा दोन बाजूंनी होतो. मोकळ्या टोकामुळे सूत्रातले ३ चे १.५ होतात. गोळा प्लेटच्या बाहेर बसल्यामुळे लांबी १०० ची १३० होते. १८ च्या अंगाला, ०.२ सरकेला ताण येतो ६३९. दोन्ही टोकं घट्ट असलेला तोच १८ चा स्टे २,१६० वर होता.

कॅटलॉग वाचणारे इथेच थांबतात. पण गोळ्यावर १००६ किलोची ओढ आहे, तो फुकटात फिरत नाही. घर्षणाचा गुणांक ०.३ आणि गोळ्याची त्रिज्या १८ मिलिमीटर धरली, तर फिरण्याआधी ५४३ किलो-सेंटिमीटरचा विरोध होतो. तो धरून पुन्हा मांडलं की दुसऱ्या टोकाचा ताण ६३९ नव्हे, १,१०० च्या आसपास जातो. म्हणजे बराचसा फायदा लांबीमुळेच मिळालेला असतो. यातून दोन गोष्टी निघतात. गोळा गरजेपेक्षा मोठा करू नका. आणि गोळ्याची खरी कमाई पेटवताना होते. तेव्हा आतली प्लेट तापलेली, बाहेरची अजून गार, सरक मोठी आणि वाफेचा दाब जवळपास शून्य. ओढ नाही म्हणून घर्षणही नाही, गोळा सहज वळतो.

मापं ठरवताना मी एकदा आपटलो ते सांगून ठेवतो. स्टे बाहेरून स्लीव्हमधून आत घालायचा असतो, तर आतल्या टोकाचे २४ चे आटे स्लीव्हच्या मानेतून, म्हणजे बैठकीखालच्या अरुंद भोकातून, गेले पाहिजेत. मी अंगाच्या १८ कडे पाहून मान २१ ची केली. आठ स्लीव्ह तयार झाल्या आणि एकही स्टे आत जाईना! बरोबर मापं अशी: मान २५, डोकं ३६. बैठकीचं क्षेत्रफळ ५.२७ चौरस सेंटिमीटर निघतं आणि तिच्यावरचा दाब १९१, पुरेसा कमी.

मानेत अंगाभोवती साडेतीन मिलिमीटर मोकळी जागा राहते. फिरण्यासाठी एवढी लागत नाही, ०.२ सरकेला कोन अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. ती जागा चुन्यासाठी. मान तंग केली तर पहिल्याच वर्षी चुना भरतो, गोळा जाम होतो आणि लवचीक स्टेचा साधा स्टे होतो, तोही महागातला.

बैठक तपासताना गोळ्याला मार्किंग ब्लू लावा, वाटीत बसवून पाव वळसा द्या आणि उचला. निळा पट्टा सलग गोल उमटला पाहिजे. एका बाजूला ठिपका आणि दुसरीकडे कोरं असेल तर लॅपिंग पेस्टने घासून बसवा.

कुठे घालायचे

सगळीकडे नाही. खर्च तर आहेच, शिवाय प्रत्येक टोपी ही गळतीची एक जागा. पेन्सिलच्या कागदावर सरक जिथे मोठी तिथे: वरच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन उभे रकाने. मधला आणि खालचा भाग बारीक अंगाच्या साध्या स्टेवर चालतो. मात्र लवचीक स्टे ढिला राहिला तर त्याच्या वाट्याचा भार शेजारचे ताठ स्टे उचलतात. म्हणून गोळा बैठकीला टेकलेला हवा. क्राउन प्लेटच्या, म्हणजे फायरबॉक्सच्या छताच्या, पुढच्या ओळी हा अपवाद. ट्यूबप्लेट (धूरनळ्या बसवलेली प्लेट) तापून वर उचलली जाते, तिला वर जायला वाव देणारे स्टे तिथे लागतात.

वेटबॅक तीन-पासच्या बॉयलरात (गरम वायू तीन फेऱ्या मारतात तो) रिव्हर्सल चेंबरच्या, म्हणजे वायू उलट वळतात त्या पाण्याने वेढलेल्या कप्प्याच्या, मागचे स्टे हे याच कुळातले. ते आखूड आणि वेल्ड केलेले असतात. गोळा तिथे बसत नाही, पण बारीक अंग आणि मोठा रेडियस बसतो.

बसवणी

बार टेस्ट सर्टिफिकेटचा, मवाळ, कमी कार्बनचा. ताकदवान मिश्र पोलाद घेण्याचा मोह टाळा, वारंवार वाकणं सोसणारा मऊपणा इथे जास्त कामाचा. साध्या स्टेसाठी दोन्ही प्लेटा एकाच लांब टॅपने एका दमात आटवायच्या, म्हणजे आट्यांची चाल दोन्हीकडे जुळते. वेगवेगळं आटवलं की स्टे बसतानाच प्लेटा ओढतो किंवा ढकलतो. टोक दोन-अडीच आटे बाहेर ठेवून हातोडीने डोकं पाडायचं, हलक्या ठोक्यांनी, कडेकडेने. जोरात ठोकून आतले आटे फुगवणारे फिटर मी पाहिलेत. गळती मग थांबत नाही, पुन्हा ठोका, पुन्हा गळती.

टेलटेल भोक ५ मिलिमीटरचं, जुन्या फिटरांच्या भाषेत दीड सूत. बाहेरच्या टोकातून, प्लेटच्या आतल्या बाजूच्या पुढे निदान १३ मिलिमीटर जाईल इतकं खोल. स्टे बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात तुटतो. चीर भोकापर्यंत पोचली की बाहेर वाफेची बारीक चिळकांडी दिसते. मी त्याला चहाडखोर भोक म्हणतो. रंगारी ते रंगाने बुजवतात आणि काही ऑपरेटर, गळतंय म्हणून, चक्क खिळा ठोकतात. असा खिळा दिसला तर बॉयलर बंद करा.

हातोडीचा कान

वर्षाच्या तपासणीत फायरबॉक्समध्ये शिरून प्रत्येक स्टेवर हलकी हातोडी मारतात. धड स्टे खणखणतो, हाताला उसळी देतो. तुटलेला बद्द वाजतो आणि हातोडी जागीच बसते. पण बॉयलर रिकामा, बिनदाबाचा असेल तर तुटलेली दोन टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि आवाज फसवतो. म्हणून जमेल तिथे हायड्रॉलिक चाचणीत, पाण्याचा दाब असतानाच, बाहेरून ठोकून ऐकायचं. टोकं फाकतात आणि खोटेपणा उघडा पडतो. नव्या कामाची ही चाचणी दीडपट दाबावर होते, १०.५४ ला १५.८१. ठोकण्यासाठी मात्र दाब बराच खाली आणायचा, पूर्ण चाचणीच्या दाबाला प्लेटवर हातोडी चालवायची नाही.

पेटवण्याची घाई हा डिझाइनच्या बाहेरचा विषय, पण स्टे तिथेच मरतात. गार बॉयलर तासाभरात दाबावर आणला तर ४० अंशांचा फरक ८० वर सहज जातो आणि सरकेचे नि वाकाचे वरचे आकडे दुप्पट होतात. पावसाळ्यात बॉयलर बंद ठेवायचा असेल तर नीट वाळवून, आत कळीच्या चुन्याचे डबे ठेवून, दारं बंद करा. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धवट ओल्या बॉयलरचे स्टे दोन महिन्यांत खड्डे धरतात.

पावण्याच्या त्या बॉयलरला चिरा गेलेला प्लेटचा तुकडा, मंजुरी घेऊन, बदलला. कोपऱ्यात १८ च्या अंगाचे बारा लवचीक स्टे घातले. वर्षाने टोप्या उघडल्या. अकरा गोळ्यांभोवती फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सगळीकडून फिरली. बाराव्या गोळ्यापाशी ती अर्ध्यावर अडली. खरवडल्यावर पांढरा, खडूसारखा थर निघाला. सॉफ्टनरच्या मिठाचा डबा पाहिला तर रिकामा होता आणि रजिस्टरमध्ये मीठ टाकल्याची सही रोजच्या रोज होती.